पिवळ्या शर्टातला पोरगा

मी नागपूर सोडलं त्या संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने आमच्या बाबांना विचारलं, "नवरदेव कुठाय?" त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. एका पोरीला बसमध्ये बसवून द्यायला अर्धी वस्ती आलेली. बायकांच्या डोळ्यांना पदर, पोट्ट्यांच्या हातात माझ्या बॅगा आणि बसच्या दाराशी पेटी-ढोलक घेऊन बाबांची कव्वाली पार्टी. बाबा म्हणाले, "नवरदेव नाई गा, पोरीले बंगलोरले नोकरी लागली." ड्रायव्हर खूश झाला. म्हणाला, मग आणखी एक गाणं होऊन जाऊ द्या. बाबांना एवढं पुरे असतं. बस किती उशिरा निघाली ते सांगत नाही, पण मागच्या सीटवरच्या एका काकूंचं तोवर डबा उघडून जेवण उरकलं होतं.

आई रडली नाही. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. रोज इतकी रडारड पाहावी लागते की घरच्यासाठी पाणी उरत नाही, असं तिचं म्हणणं. तिने माझ्या मांडीवर तिखटाची बरणी, सांडग्यांचा डबा आणि संत्र्यांची पिशवी ठेवली आणि खिडकीतून सांगितलं, "कोणी विचारलं कुठली हायेस, तं गल्लीसकट सांगजो. नुसतं नागपूर म्हणून मोकळी होऊ नको."

त्या गल्लीत जे अजून राहतात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे बॅगा भरून पुणे, हैदराबाद, दुबई जिथं मिळेल तिथं गेले त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गल्लीचं नाव मात्र इथं लिहीत नाही. टीव्हीवाल्यांनी मध्यंतरी ते फार वापरलं, थोडा आराम मिळू द्या त्याला.

बंगळुरूत मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना शक्य तितक्या गोड शब्दांत कळवायच्या. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लोकाईच्या चुका काढाचा पगार भेटते? हे तं तू घरी फुकटात करत होती वं." पीजीत पहिल्या सकाळी जेवण वाढणाऱ्या अक्कांनी विचारलं, सांबार हवं का? आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी म्हटलं, वरून थोडंसं भुरभुरवा. त्या अजून ती गोष्ट नव्या मुलींना सांगतात. हळूहळू मीही थोड्याला 'स्वल्प' आणि नकोला 'बेडा' म्हणायला लागले, सकाळच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये उभं राहून 'ब्लॉकर', म्हणजे काम कुठं अडलं ते, सांगायला लागले आणि इडलीवर आईचं तिखट टाकून खायला लागले. कुणी विचारलं तर गल्लीसकट सांगायचे. लोक म्हणायचे, "ओ, ऑरेंज सिटी!" गल्लीशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं, आणि ते दिवस तसे बरे होते.

माझ्या भावाला, सम्यकला, मी तिथूनच एक शर्ट पाठवला. हळदीसारखा पिवळा, लांबून डोळ्यांत भरणारा. सम्यक माझ्याहून लहान. एक्स-रे काढायचा डिप्लोमा करून त्याच धंतोलीच्या दवाखान्यात चिकटायच्या बेतात होता, आईने शब्द टाकला होता. तो शर्ट त्याच्या अंगाला असा बसला की आईला रोज ओरडावं लागे, "धुवाले तरी काढ रे बाप्पा!"

आता थोडं बाबांच्या पार्टीबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा दिवसभर इतवारीत भांड्यांच्या दुकानाचा ठेला ओढायचे. जयंतीचा महिना आला की तोच माणूस रंगीत जाकीट घालून स्टेजवर बसायचा आणि समोर दुसरी पार्टी. मुकाबला. एका पार्टीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातून जवाब द्यायचा. लहानपणी आम्ही स्टेजखाली चटईवर बसून ऐकत असू आणि ऐकता ऐकताच त्याचे कायदे शिकलो. जवाब द्यायच्या आधी समोरच्याची शेवटची ओळ जशीच्या तशी म्हणायची, तीही हात जोडून. याला ओळ उचलणं म्हणतात. ओळ नीट उचलली नाही तर पब्लिकची टाळी मिळत नाही. शिवी दिली तर बारी, म्हणजे तो डाव, हरली. आणि कार्यक्रमाआधी पहिला चहा नेहमी समोरच्या पार्टीला. मी वस्ती सोडेपर्यंत हे मुकाबले पार कमी झाले होते. पार्टीतले दोघे गेले, पेटीवाल्याचा दम वाढला. बाबांचा तबला कपड्यात गुंडाळून कपाटावर गेला.

आणि मग विहाराजवळच्या ओट्यावर रॅप आलं. सम्यक, त्याचा मित्र रोशन, जो फोनवर बीट बनवायचा, आणि पल्लवी, जी गांधीबागेत कापड दुकानात काम करायची आणि जिच्या तोंडापुढे गिऱ्हाईकसुद्धा घासाघीस करत नसे. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "हे गाणं हाये का भांडण?" पल्लवी म्हणाली, "काका, दोन्ही." बाबांना उत्तर आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कपाटावरचा तबला खाली उतरला आणि ओट्यावर गेला.

मी ऑफिसात उभ्या मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. ती ओरडतच होती, "टीव्ही लाव वं, टीव्ही लाव! सम्या टीव्हीवर आला! तुह्याच शर्टात!" दवाखान्याच्या हॉलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांसाठी टीव्ही असतो, आवाज कायम बंद. आईने फरशी पुसता पुसता वर पाहिलं तर पडद्यावर आपल्या वस्तीचा ओटा, ओट्यावर तीन पोट्टे, आणि मधल्याच्या अंगात पिवळा शर्ट. तोंडावर धूसर ठिपके होते, पण आईला तोंडाची काय गरज? डावा पाय दुमडून बसायची त्याची तऱ्हा तिला पुरे होती. तिने समोरच्या दुकानातून पेढे आणवले. सिस्टरला दिले, वॉचमनला दिले, यवतमाळहून आलेल्या एका आजोबांना दोन दिले. सगळ्यांना एकच वाक्य, "माहा पोरगा हाये जी."

मी बाजूला होऊन फोनवर ते चॅनल लावलं. माझ्याकडे आवाज होता. खाली लाल पट्टी, मागे भुताखेतांच्या मालिकेसारखं संगीत, शहरातल्या कुठल्याशा मोबाईलचोरीवरचा खास कार्यक्रम आणि वार्ताहराचा खर्जातला स्वर: "संध्याकाळनंतर इथं कुणी येत नाही." रोशन बोटांवर मात्रा मोजत होता, ते त्याच्या लेखी टोळीचे इशारे. सम्यकच्या हातात काहीतरी होतं, त्याभोवती लाल गोल. हत्यार. ती आमच्या बाबांची तबला लावायची हातोडी होती.

एका कानात हे चालू आणि दुसऱ्या कानात आई, "पेढा घ्या ना जी." तिला काय सांगणार होते मी? तेवढ्यात तिच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, अहो मावशी, पोराने काय केलं ते तरी ऐकू द्या, आणि आवाज वाढवला. मग तेच वाक्य मला दोन्ही कानांत ऐकू आलं, एकात जरा आधी, एकात जरा नंतर. आईने फोन ठेवला. संध्याकाळी मी पुन्हा लावला तर ती एवढंच म्हणाली, "वाटलेले पेढे तं वापस नाई मागता येत."

बाबांचं दुःख वेगळंच होतं. ते दिवसभर घरात फिरत म्हणत होते, "माह्या हातोडीले हत्यार म्हणते! माह्या हातोडीले!"

गंमत इथवरच होती. त्या आठवड्यात दवाखान्याच्या ऑफिसने सम्यकला सांगितलं, जरा थांबू, वातावरण निवळू दे. कुणी वाईट बोललं नाही, सगळं गोड गोड. पण त्याचं जॉइनिंग लटकलं ते लटकलंच. आणि सम्यकने मला आणखी एक सांगितलं, जे मला त्या नोकरीपेक्षाही लागलं. वॉर्डात नवी सिस्टर आली, तिने आईला विचारलं, मावशी कुठं राहता? आई म्हणाली, "इथंच, नागपुरात." बस. ज्या बाईने मला खिडकीतून गल्लीसकट सांगायला बजावलं होतं, ती स्वतः गल्ली गिळून बसली होती. मला फार राग आला, आईचा नाही, त्या खर्जातल्या आवाजाचा. मी मॅनेजरला 'फॅमिली इमर्जन्सी' म्हणून मेल टाकला आणि निघाले.

घरी पोहोचले तेव्हा ओट्यावर गाणं तयार होतं. तिघांनी मला आणि बाबांना समोर बसवून ते म्हणून दाखवलं. त्या वार्ताहराच्या सात पिढ्यांचा त्यात उद्धार होता, आणि पल्लवीचा शिव्यांचा साठा कापडाच्या ठोक दुकानाला शोभेल असा. मला तर ऐकून बरंच वाटलं. गाणं संपल्यावर बाबांनी मात्र विचारलं, "त्याची ओळ कुठं हाये?"

"कोणती ओळ, काका?" रोशनने विचारलं.

"तो बोलला ना काही? सवाल टाकला ना त्यानं? ओळ न उचलता जवाब देऊन राहिले तुम्ही. आन् शिवी देली. हरली ना बारी."

सम्यक चिडला. "बाबा, हा मुकाबला हाये का? तो बदनामी करून गेला आपली!"

"मुकाबलाच हाये. स्टेज त्याचं मोठं हाये, एवढंच. शिवी द्याल तं तो म्हणन, पाहा, मी म्हटलं नव्हतं?"

पोट्टे तोंड पाडून बसले. मग ती ओळ उचलायची म्हणून आम्ही तो कार्यक्रम पुन्हा फोनवर लावला, आणि इथं माझी नोकरी पहिल्यांदा वस्तीच्या कामी आली. चुका शोधायचा पगार घेते मी. मला दिसलं की चित्रात सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या आहेत. म्हणजे शूटिंग भर दुपारचं. म्हटलं, हा माणूस संध्याकाळी इथं आलेलाच नाही, तर संध्याकाळी कोण येतं अन् कोण नाही हे याला कसं ठाऊक?

पल्लवी ताडकन उठली. "मंग ज्याले मालूम नाई, त्याले सांगा ना कोण येते ते!"

झालं. त्या संध्याकाळी आम्ही काहीच लिहिलं नाही, नुसते ओट्यावर बसून राहिलो आणि कोण येतं ते पाहिलं. तुम्हाला आठवतं ना आपल्या गल्लीत संध्याकाळ कशी उतरते? मला बंगळुरूत राहून त्याचा विसरच पडला होता. तिथं लोक एकेकटे येतात, लिफ्टमध्ये शिरतात आणि दार बंद होतं. इथं आधी भाजीच्या गाड्या परत आल्या, मग बांधकामावरचे लोक, पायावर चुन्याचे डाग. मग ऑटो. मग इतवारीचे ठेले, त्यातल्या एकाचं चाक नेहमीच्या खड्ड्यात अडकलं आणि सगळ्यांनी मिळून नेहमीसारखं काढलं. कॉलेजच्या पोरी, शिकवणीची चिल्लीपिल्ली, पोहे-तर्रीच्या ठेल्यावरचा भगोणं डोक्यावर घेऊन आलेला भाऊ. बसायला ओट्यावर जागा उरली नाही तर लोक सायकलींवर टेकले. सगळ्यांत शेवटी रिकामा डबा हलवत आई. सम्यक तिला म्हणाला, "माय, तू पण येजो गाण्यात." ती थांबलीसुद्धा नाही. "मी नाई येत कॅमेऱ्यापुढं," म्हणाली आणि घरात गेली.

गाणं दोन-तीन संध्याकाळींत झालं. सुरुवातीला बाबांचा आवाज, एकटा, तबल्यावर. ते हात जोडून वार्ताहराची ओळ म्हणतात, अगदी आदराने, त्याच्याच खर्जात: "संध्याकाळनंतर इथं कुणी येत नाही." मग रोशनचं बीट पडतं आणि पोट्टे सुटतात:

हाव गा भाऊ, तुमची ओळ, कोणी येत नाई,
मंग ओट्यावर बसाले जागा काहून भेटत नाई?
धंतोलीहून मावशी आली, डबा रिकामा हातात,
इतवारीहून ठेला आला, चाक अडकलं खड्ड्यात,
तुमचं शहर दिवसभर ज्याइनं धरलं खांद्यावर,
सारेच्या सारे संध्याकाळी बसले हायेत ओट्यावर!

मधलं कडवं सम्यकचं होतं. तो लिहिताना माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरून मला कळलं की कुणाबद्दल आहे:

तोंड माह्यं पुसून टाकलं, शर्ट तेवढा ठेवला,
मायनं माह्या शर्टावरून अख्खा पोरगा ओळखला.

व्हिडिओत कुणाचंही तोंड झाकायचं नाही असं ठरलं, आणि सगळ्यांनी पिवळं घालायचं. ही पल्लवीची कल्पना. आता पिवळं म्हटलं की घराघरांतून काय काय निघालं! हळदीच्या कार्यक्रमातल्या साड्या, कुण्या क्रिकेट टीमच्या जर्स्या, रेनकोट, एका काकांनी तर पिवळी बेडशीट उपरण्यासारखी घेतली. बाबांच्या हातात हातोडी, आणि तिच्याभोवती रोशनने मुद्दाम लाल गोल काढायचं ठरवलं, खाली पाटी: तबला लावायची हातोडी. बाबांनी तेवढ्या एका शॉटसाठी जाकीट इस्त्री करून घेतलं.

शेवटी प्रत्येकाने कॅमेऱ्यात बघून आपलं नाव, काम आणि पत्ता सांगायचा होता. मी रांग लावत होते. रांग संपत आली तोच पोट्ट्यांची कुजबुज थांबली म्हणून वळून पाहिलं तर आई. तिच्या लग्नातली पिवळी साडी, घडीच्या रेषा तशाच, केसांना तेल, आणि गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. मला म्हणाली, "सरक वं." कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ होऊन बोलली, "मी शकुंतला. धंतोलीच्या दवाखान्यात आया हाये. हा पिवळ्या शर्टाचा माहा पोरगा हाये." आणि मग पत्ता सांगितला, गल्लीसकट, विहाराच्या उजव्या हाताला कितवं दार ते सगळं. मी ढसाढसा रडले आणि रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आला म्हणून पल्लवी मला ओरडली. आईला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा तिने दाराचा रंगही सांगितला.

गाणं फोनाफोनी कुठल्या कुठं गेलं. माझ्या पीजीच्या अक्कांपर्यंत गेलं, त्यांना शब्द कळले नाहीत, पण लाल गोल कळला. इकडे बाबांना एकच चिंता. "जवाब देला, पन समोरच्या पार्टीले चहा नाई पाजला." चॅनलच्या ऑफिसात फोन करून त्यांनी त्या वार्ताहराला रीतसर आमंत्रण दिलं, संध्याकाळचं. मला वाटलं होतं कोण येतंय. पण आला. बिचारा तरुण होता, सम्यकहून थोडा मोठा, टीव्हीवर वाटायचा तसा दणकट वगैरे अजिबात नाही. ओट्यासमोर त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. गल्लीतली गर्दी बघून तो खुर्चीत अगदी टोकावर बसला. बाबांनी स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाले, "पहिला तुमचा. आरामात बसा जी, संध्याकाळच हाये."

चहा झाल्यावर त्याने माईक काढला आणि बातमी सांगितली. नवा कार्यक्रम करतो आहे म्हणे, या पोरांवरच. गुन्हेगारीची वाट सोडून संगीताकडे वळलेली मुलं! त्याला वाटलं आम्ही टाळ्या वाजवू. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्याकडे आमच्यासाठी दोनच खोके होते. एकातून काढून त्याने आम्हाला दुसऱ्यात ठेवलं होतं आणि त्याचा त्याला आनंद झाला होता.

सम्यक अगदी नरमाईने म्हणाला, "पन सर, सोडाले पहिले धरा लागते ना?"

गल्ली खो-खो हसली. वार्ताहरही हसला, कान लाल झाले त्याचे. आणि बाबा! बाबांचे डोळे असे चमकले की मला ते स्टेजवरचे रंगीत जाकीटवाले बाबा दिसले. त्यांनी पोट्ट्यांना हळूच सांगितलं, "दुसरी ओळ आली रे. उचला."

कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा मी परत बंगळुरूला आले होते. या वेळी तोंडं झाकली नव्हती. गाणं जवळजवळ पुरतं दाखवलं, सम्यकचं ते वाक्यही ठेवलं, पण खालची पट्टी मात्र 'सुधारलेले तरुण' अशीच होती. दवाखान्याच्या हॉलमध्ये टीव्ही नेहमीसारखा मुका. आईने वॉचमनकडून रिमोट मागून घेतला, आवाज वाढवला आणि मधोमध उभी राहिली. पेढे आणले नव्हते. "आधी ऐकते म्हटलं, मंग वाटते," असं तिने मला नंतर सांगितलं. मावशीच्या रिकाम्या डब्याची ओळ आली तेव्हा वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "शकुंतलाबाई, माझी अर्धी रात्रपाळी तुमच्या त्या वस्तीतून येते. तुमच्या पोराला कशाला थांबवून ठेवलंय आपण?" आणि त्या सरळ ऑफिसात गेल्या. सम्यक आता तिथं एक्स-रे काढतो. पेशंटना 'श्वास धरा' म्हणताना तो कव्वालीची तान घेतो अशी तक्रार आहे. पेढे त्याच दिवशी वाटले गेले, सिस्टरना दोन.

'सोडाले पहिले धरा लागते' हे गाणं सध्या ओट्यावर तयार होतं आहे. मला त्याची कडवी तपासायला पाठवतात. मी सकाळच्या बसमध्ये ऐकते, चुका काढते, पल्लवी त्यातल्या निम्म्या मान्य करत नाही. कानडी कंडक्टर मला आता ओळखतो आणि टाळी वाजवत हसते ती मुलगी म्हणून जागा देतो. मला इथं बरं चाललं आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रोज उशी भिजवते. सुट्टीच्या दिवशी मी अक्कांना झुणका करून घालते. ऑफिसात कुणी विचारलं की गल्लीसकट सांगते. परवा एकाने विचारलं, "ती हातोडीवाली गल्ली का?" मी हो म्हटलं आणि दिवसभर उगाचच खूश होते.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. नवं कडवं ऐकवायचं होतं, मागे बाबा तबला लावत होते, ठक ठक. नेमकं तेव्हाच माझ्याकडचं नेट अडकलं. पडद्याच्या कोपऱ्यात मला माझंच तोंड दिसत होतं: नुसते चौकोन, नाक कुठलं, डोळे कुठले काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "आई, थांब, काही दिसत नसेल तुला."

"दिसते ना वं," आई म्हणाली. "जेवली नाई आज तू. अन् रडली कायले होती?"